पडद्यावरील पोलीस आणि अटकेचा पंचनामा : 'ड्रॅगनेट' ते 'सीआयडी'

प्रस्तावना

१८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणाचा निकाल दिला. अटक करताना आणि आरोपीस कोठडीत ठेवताना पोलिसांनी पाळावयाच्या अकरा बाबी या निकालात सांगितल्या आहेत. विधी महाविद्यालयांतून हा निकाल नित्य शिकविला जातो, पोलीस प्रशिक्षण केंद्रांतूनही त्याचा उल्लेख होतो. मात्र निकालाच्या अखेरीस आलेल्या एका सूचनेकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. या अकरा बाबी प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळकपणे लावाव्यात असे सांगून न्यायालय थांबले नाही. त्या आकाशवाणीवरून प्रसारित कराव्यात, दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर दाखवाव्यात आणि स्थानिक भाषेत पत्रके छापून वाटाव्यात, हे व्यापक हिताचे ठरेल, असे मत न्यायालयाने नोंदविले. कोठडीतील अत्याचार रोखण्याच्या कामी दूरचित्रवाणीचा उपयोग होऊ शकतो, हा विचार देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने अशा प्रकारे लिखित स्वरूपात मांडला.

त्यानंतर तेराच महिन्यांनी, २१ जानेवारी १९९८ रोजी, सोनी वाहिनीवर 'सीआयडी' ही मालिका सुरू झाली. २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ ती चालली आणि तिचे १५४७ भाग प्रसारित झाले. भारतीय कुटुंबांनी पोलीस तपास म्हणून जे काही घरबसल्या पाहिले, त्यातील फार मोठा वाटा या एका मालिकेचा आहे. न्यायालयाला अपेक्षित असलेले लोकशिक्षण या मालिकेतून झाले काय, आणि झाले नसेल तर का झाले नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकेतील एका जुन्या मालिकेचा इतिहास तपासणे आवश्यक ठरते. कारण पोलीस मालिका आणि पोलीस वर्तनाचे निकष यांचा संबंध तेथे प्रथम आणि अत्यंत स्पष्टपणे जुळून आला.

लॉस एंजेलिस : एक करार आणि एक नाताळ

'ड्रॅगनेट' ही मालिका जून १९४९ मध्ये एनबीसी रेडिओवर सुरू झाली. तिचा निर्माता, दिग्दर्शक व प्रमुख अभिनेता जॅक वेब हा होता. सार्जंट जो फ्रायडे हा तिचा नायक, त्याच्या बिल्ल्याचा क्रमांक ७१४. नावे तेवढी बदलली आहेत, बाकी कथा खरी आहे, असे निवेदन प्रत्येक भागाच्या आरंभी होत असे. या निवेदनामागे एक व्यवस्था होती. लॉस एंजेलिस पोलीस खाते वेबला जुन्या प्रकरणांची कागदपत्रे, तांत्रिक सल्ला, वाहने व साहित्य उपलब्ध करून देत असे आणि त्या बदल्यात प्रत्येक संहिता खात्याकडून तपासून घेतली जात असे. ऑगस्ट १९५० मध्ये विल्यम पार्कर हा पोलीस प्रमुख झाला. लाचखोरीने बदनाम झालेल्या खात्याला शिस्तबद्ध, व्यावसायिक आणि राजकारण्यांपासून अलिप्त असे रूप देणे हे त्याचे ध्येय होते. वेबची मालिका आणि पार्करचे ध्येय एकमेकांना पूरक ठरले. जो फ्रायडे लाच घेत नाही, आवाज चढवीत नाही, संशयितास मारीत नाही. तो वही उघडतो, प्रश्न विचारतो आणि उत्तरे टिपून घेतो.

'ड्रॅगनेट'चा पहिला दूरचित्रवाणी भाग १६ डिसेंबर १९५१ रोजी दाखविला गेला. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, नाताळच्या पहाटे, लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती कोठडीत सात तरुणांना पोलिसांनी बेदम मारहाण केली. त्यांपैकी पाच मेक्सिकन वंशाचे होते. मद्यालयातील एका झटापटीत दोन पोलीस जखमी झाले होते, त्यांपैकी एकाचा डोळा गेला अशी खोटी वदंता पसरली आणि नाताळची मेजवानी उरकत असलेल्या सुमारे पन्नास पोलिसांनी कोठडीत येऊन हा सूड घेतला. 'ब्लडी ख्रिसमस' या नावाने हे प्रकरण पुढे प्रसिद्ध झाले. वृत्तपत्रांतून ते ठळकपणे येण्यास मार्च १९५२ उजाडावा लागला. पार्करची पहिली प्रतिक्रिया खात्याच्या बचावाची होती. अखेरीस आठ पोलिसांवर आरोपपत्र ठेवले गेले, पाच दोषी ठरले, ३९ जणांना निलंबित करण्यात आले आणि ५४ जणांच्या बदल्या झाल्या. हे आकडे त्या काळाच्या मानाने लहान नव्हेत. तरीही याच वर्षी अमेरिकेतील घराघरांत लॉस एंजेलिसचा पोलीस म्हणून जी प्रतिमा रुजली, ती जो फ्रायडेची होती. कोठडीत शिरलेल्या त्या पन्नास जणांची नव्हती. खात्याच्या मंजुरीवाचून संहिता पुढे सरकत नव्हती, हे लक्षात घेतल्यास त्या नाताळची कथा 'ड्रॅगनेट'च्या खऱ्या कथांत का बसली नाही, याचा वेगळा शोध घ्यावा लागत नाही.

पार्करची व्यावसायिकतेची कल्पनाही तपासून पाहण्यासारखी आहे. लाच घेऊ नये, हा तिचा गाभा होता. नागरिकाच्या घरात न्यायालयाच्या परवानगीवाचून शिरू नये, हा मात्र त्या कल्पनेचा भाग नव्हता. १९५५ मध्ये पीपल विरुद्ध कहान या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर असे आले की, पोलिसांनी एका बेकायदा पैजा घेणाऱ्याच्या घरात चोरून ध्वनिग्राहक बसविले होते. अशा बेकायदा मार्गाने मिळविलेला पुरावा यापुढे राज्यातील न्यायालयांत चालणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. पार्करने या निर्णयावर कडाडून टीका केली. गुन्हेगारांना मोकळे रान मिळाले, असा त्याच्या टीकेचा रोख होता. ज्या वर्षी हा निर्णय झाला त्याच वर्षी खात्याच्या प्रबोधिनीसाठी संरक्षण व सेवा या अर्थाचे बोधवाक्य स्पर्धेतून निवडले गेले आणि १९६३ पासून ते गस्तीच्या मोटारींवर झळकू लागले. पुढे चित्रपट आणि मालिका यांतून ते जगभर पोहोचले.

मिरांडा : न्यायालयातून दिवाणखान्यात

१३ जून १९६६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिरांडा विरुद्ध अ‍ॅरिझोना या प्रकरणाचा निकाल पाच विरुद्ध चार अशा बहुमताने दिला. अर्नेस्टो मिरांडा याला १९६३ मध्ये फिनिक्स येथे पकडण्यात आले होते आणि सुमारे दोन तासांच्या चौकशीनंतर त्याने कबुलीजबाबावर सही केली होती. मौन बाळगण्याचा आणि वकील मिळण्याचा आपणास हक्क आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ताब्यातील व्यक्तीस चौकशीपूर्वी हे हक्क स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजेत, अन्यथा तिचा जबाब तिच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. निकाल लागताच देशभरातील पोलीस खात्यांनी खिशात मावतील अशी छोटी कार्डे छापून घेतली. अटक करणाऱ्या शिपायाने ती वाचून दाखवावयाची होती. १९७६ मध्ये मिरांडाचा एका मद्यालयात खून झाला, तेव्हा पकडलेल्या संशयितालाही हेच हक्क वाचून दाखविण्यात आले, असे सांगतात.

पार्करने हा निकाल जेमतेम महिनाभर पाहिला. १६ जुलै १९६६ रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या आधी अकरा महिने, ऑगस्ट १९६५ मध्ये, वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत एका साध्या वाहतूक तपासणीतून दंगल उसळली होती आणि तीत ३४ माणसे मृत्युमुखी पडली होती. खात्याच्या प्रतिमेला तडा गेला होता. अशा वेळी, जानेवारी १९६७ मध्ये, 'ड्रॅगनेट' रंगीत रूपात परतली. नव्या मालिकेतील फ्रायडे संशयिताला त्याचे हक्क सांगतो. पाठ केलेले वाक्य म्हणावे तसे, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. पुढील वर्षी वेबनेच 'अ‍ॅडम-१२' ही गस्ती पोलिसांवरील मालिका सुरू केली आणि ती १९७५ पर्यंत चालली. तिच्यातही हक्कांचे हे वाचन वारंवार येते. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक अमेरिकन पोलीस मालिकेने ते उचलले.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावयास हवी. ज्या खात्याच्या प्रमुखाने आरोपीचे हक्क वाढविणाऱ्या निर्णयांना आयुष्यभर विरोध केला, त्याच खात्याच्या आशीर्वादाने चालणाऱ्या मालिकेने ते हक्क लोकांना तोंडपाठ करून दिले. याची कारणे दोन संभवतात. पहिले कारण कायद्याचे आहे. हक्क न सांगितल्यास जबाब बाद होणार होता, म्हणजे खटला हातचा जाणार होता. हक्क सांगणे ही पोलिसाच्या दृष्टीने कार्यक्षमतेची गोष्ट झाली, आणि कार्यक्षम पोलीस दाखविणे हाच तर वेबचा उद्योग होता. दुसरे कारण नाट्याचे आहे. चार-पाच वाक्यांचे ते निवेदन अर्ध्या मिनिटात संपते, बेड्या घालताना म्हणता येते आणि गुन्हेगार सापडल्याची खूण म्हणून प्रेक्षकांच्या कानावर बसते. न्यायालयाने नकळत संवादलेखकाला एक आयता संवाद पुरविला होता.

२६ जून २००० रोजी डिकरसन विरुद्ध अमेरिका या प्रकरणात मिरांडा निकाल फिरविण्याची संधी सर्वोच्च न्यायालयासमोर आली. सरन्यायाधीश रेनक्विस्ट हे त्या निकालाचे पूर्वीपासूनचे टीकाकार होते. तरीही सात विरुद्ध दोन अशा बहुमताने, त्यांच्याच लेखणीतून, तो कायम राहिला. पोलिसांच्या नित्य कामकाजात ही सूचना इतकी मुरली आहे की ती राष्ट्रीय संस्कृतीचाच भाग झाली आहे, असे त्यांनी लिहिले. या संस्कृतीच्या घडणीत दूरचित्रवाणीचा वाटा किती, हे न्यायालयाने सांगितले नाही. पण सामान्य नागरिक पोलीस ठाण्यात जाऊन मिरांडा शिकला नाही, एवढे तर उघड आहे.

तथापि शब्द माहीत होणे आणि वर्तन सुधारणे यांत अंतर असते, आणि लॉस एंजेलिसचाच इतिहास त्याचा दाखला देतो. जॅक वेबचे डिसेंबर १९८२ मध्ये निधन झाले, तेव्हा खात्याने ७१४ हा बिल्ला क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला. कधी अस्तित्वातच नसलेल्या अधिकाऱ्याला मिळालेला हा मान विरळाच म्हणावा लागेल. त्यानंतर नऊ वर्षांच्या आत, ३ मार्च १९९१ रोजी, त्याच खात्याच्या पोलिसांनी रॉडनी किंग याला रस्त्यावर लाठ्यांनी मारले आणि समोरच्या घरातील एका रहिवाशाने ते आपल्या कॅमेऱ्यात टिपले. ख्रिस्तोफर आयोगाने जुलै १९९१ मध्ये अहवाल दिला. गस्तीच्या मोटारींतील संगणकांवरून पोलिसांनी परस्परांना पाठविलेले संदेश आयोगाने तपासले, तेव्हा मारहाणीच्या बढाया आणि वर्णद्वेषी शेरे त्यांत उघडपणे लिहिलेले आढळले. एप्रिल १९९२ मध्ये या पोलिसांना ज्युरीने मारहाणीच्या आरोपांतून मुक्त केले, तेव्हा शहर पेटले. चार दशके एका खात्याची प्रतिमा संहिता तपासून सांभाळली गेली होती. ती मोडण्यास कोणीही न तपासलेले काही मिनिटांचे चित्रण पुरेसे झाले.

भारतीय परिस्थिती : पोलिसावरील अविश्वासाचा कायदा

भारतीय पडद्याकडे वळण्यापूर्वी कायद्यातील एक मूलभूत भेद सांगणे अगत्याचे आहे. मद्रास इलाख्यात महसूल व पोलीस कर्मचारी रयतेचा छळ करतात, या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८५५ मध्ये आला. छळ करून कबुली काढण्याची पद्धत सर्रास होती, हे त्यातून पुढे आले. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांसमोर दिलेली कबुली पुराव्यातून वगळली आणि १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ मध्ये तोच नियम आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तो कायम आहे. कबुली दिल्याने एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग पुराव्यात येतो. एरवी कबुली नोंदवावयाची ती दंडाधिकाऱ्यासमोर. थोडक्यात, अमेरिकन कायदा पोलिसाला सांगतो की हक्क सांगून कबुली घे. भारतीय कायदा गेली दीडशेहून अधिक वर्षे सांगत आला आहे की तू घेतलेल्या कबुलीवर आमचा विश्वास नाही.

या पार्श्वभूमीवर 'सीआयडी'च्या कोणत्याही भागाचा शेवट आठवावा. संशयित समोर उभा आहे, एसीपी प्रद्युम्न बोटे फिरवीत पुराव्याची साखळी सांगत आहेत, इन्स्पेक्टर दयाची एक थप्पड बसते आणि आरोपी गुन्ह्याची सारी हकीकत कथन करतो. प्रद्युम्न त्याला फाशीची खात्री देतात आणि भाग संपतो. कायद्याच्या दृष्टीने या दृश्यातील प्रत्येक गोष्ट निरर्थक आहे. पोलिसांसमोरची ती कबुली न्यायालयात उच्चारताही येणार नाही, मारून मिळविली असल्याने तर मुळीच नाही. आणि फाशीचे म्हणाल, तर १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणांपुरती उरली आहे. न्यायालयात जे मुळीच टिकत नाही, तेच पडद्यावर न्यायाचे सर्वोच्च क्षण म्हणून दाखविले जाते.

भारतीय पोलीस मालिका आरंभापासून अशीच होती असे नाही. १९८९ ते १९९१ या काळात दूरदर्शनवर आलेली कविता चौधरी यांची 'उडान' ही मालिका त्यांच्या भगिनी, पुढे २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झालेल्या कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या जीवनावर आधारलेली होती. अन्याय सोसलेल्या कुटुंबातील मुलगी प्रशासकीय सेवेची परीक्षा देते, प्रशिक्षण घेते आणि अधिकारी होते, या वाटचालीवर तिचा भर होता. गुन्हा उकलण्याच्या थरारापेक्षा वर्दीतील व्यक्तीची जबाबदारी तिला महत्त्वाची वाटत होती. मुंबई दूरदर्शनवरील मराठी मालिकांत 'एक शून्य शून्य' आणि रमेश भाटकर यांची 'हॅलो इन्स्पेक्टर' यांची नावे आजही निघतात. 'एक शून्य शून्य' हे शीर्षकच नियंत्रण कक्षाच्या दूरध्वनी क्रमांकावरून घेतलेले. संकटात सापडलेल्या नागरिकाने पोलिसांना हाक मारावी, हा त्यातील भाव. तिचे दिग्दर्शक बी. पी. सिंग हेच पुढे 'सीआयडी'चे जनक झाले आणि तिच्यात काम करणारे शिवाजी साटम एसीपी प्रद्युम्न झाले. हा धागा मराठी अभ्यासकाने विसरू नये. देशभर गाजलेल्या मालिकेची मुळे मुंबई दूरदर्शनच्या मराठी विभागात आहेत.

'सीआयडी'वर केवळ टीका करणे अन्यायाचे होईल. तिचे अधिकारी लाच घेत नाहीत, तक्रारदाराची जात विचारीत नाहीत, स्त्री फिर्यादीशी उद्धटपणे वागत नाहीत आणि पुढाऱ्याच्या दूरध्वनीने विचलित होत नाहीत. डॉ. साळुंखे यांच्या प्रयोगशाळेने न्यायवैद्यक शास्त्राविषयी, अतिशयोक्त का होईना, कुतूहल निर्माण केले. कलिना येथील शासकीय न्यायसहायक प्रयोगशाळेतून अहवाल येण्यास लागणारा काळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना साळुंखे यांचा झपाटा पाहून हसू येत असेल, तो भाग वेगळा. पार्करच्या निकषांवर पाहिले तर प्रद्युम्न यांचे पथक जो फ्रायडेइतकेच स्वच्छ आहे. उणीव आहे ती पार्करच्याच जागी. आरोपी ही हक्क असलेली व्यक्ती आहे, ही जाणीव तेथे नाही.

अकरा बाबी आणि त्यांचे अनाट्य

बसू प्रकरणाची सुरुवात एका पत्राने झाली. पश्चिम बंगालमधील विधी सहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी सरन्यायाधीशांना पत्र लिहून कोठडीतील मृत्यूंच्या वृत्तपत्रीय बातम्यांकडे लक्ष वेधले. पत्रालाच याचिका मानण्यात आले आणि दहा वर्षांनी न्या. कुलदीप सिंग व न्या. ए. एस. आनंद यांच्या पीठाने निकाल दिला. त्या दहा वर्षांत इतरही काही घडले होते. राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या तिसऱ्या अहवालातील, जवळजवळ ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात, हे निरीक्षण सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या जोगिंदर कुमार निकालात उद्धृत केले होते. ऑक्टोबर १९९३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने कोठडीतील प्रत्येक मृत्यूची खबर २४ तासांत द्यावी, असे डिसेंबर १९९३ मध्येच कळविले होते. पुढे १९९५ मध्ये अशा मृत्यूंच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करण्यास आयोगाने राज्यांना सांगितले. पोलीस कोठडीच्या संदर्भात कॅमेरा आला तो प्रथम असा, मृतदेहाच्या बाजूने.

न्यायालयाने सांगितलेल्या बाबी अशा : अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी असावी, अटकेचा कागद जागेवरच करावा, त्यावर घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी आणि आरोपीचीही घ्यावी, नातलगास कळवावे, ठाणे दैनंदिनीत नोंद करावी, मागणी केल्यास अंगावरील लहानमोठ्या जखमांची नोंद करून उभयतांच्या सह्या घ्याव्यात, दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी करावी, कागदांच्या प्रती दंडाधिकाऱ्याकडे पाठवाव्यात, चौकशीदरम्यान, पूर्ण वेळ नसला तरी, वकिलास भेटू द्यावे, नियंत्रण कक्षाच्या फलकावर अटकेची माहिती लावावी. नातलग जिल्ह्याबाहेर असल्यास आठ ते बारा तासांत तारेने कळवावे, असेही एक कलम आहे. भारतीय तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण त्या कलमामागील काळजी जुनी झालेली नाही.

मिरांडाशी तुलना करता दोन फरक ठळकपणे दिसतात. मिरांडाची आज्ञा बोलावयाची आहे, बसू निकालाच्या आज्ञा मुख्यतः लिहावयाच्या आहेत. आपल्याकडील पोलीस कामाचा कणाच मुळी कागद हा आहे. फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, अटक पंचनामा, मुद्देमाल पावती, रिमांडचा अर्ज. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसून दोन पंचांच्या सह्या घेणारा हवालदार हे खऱ्या तपासाचे चित्र आहे आणि ते पडद्यावर रंगत नाही. 'सीआयडी'त पंच क्वचितच दिसतात. दया दार तोडतो तेव्हा झडतीचा पंचनामा कोणाच्या समक्ष होणार, हा प्रश्न कोणत्याही पात्राला पडत नाही. दुसरा फरक परिणामाचा आहे. मिरांडा न पाळल्यास खटल्याला धक्का बसतो. बसू निकालातील बाबी न पाळल्यास अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई आणि न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. ती कोणीतरी मागितली तर. ज्याला मागावयाची त्याला हे हक्क माहीतच नसतात, म्हणून तर न्यायालयाने दूरदर्शनचे नाव घेतले होते.

याहून खोल जाणारा एक मुद्दा आहे. नंदिनी सत्पथी विरुद्ध पी. एल. दाणी या १९७८ च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी मिरांडाचा आधार घेऊन मौनाचा हक्क आणि चौकशीवेळी वकील हजर असण्याचा हक्क यांची व्यापक मांडणी केली होती. तेव्हा दूरचित्रवाणी मोजक्या शहरांत, कृष्णधवल रंगांत होती. म्हणजे मिरांडाचे तत्त्व भारतात न्यायालयाच्या वाटेने येऊन पोहोचले होते. मात्र दिवाणखान्यापर्यंत ते भारतीय रूपात पोहोचले नाही. आज उपग्रह वाहिन्यांवरील अमेरिकन मालिका पाहणारा महाविद्यालयीन विद्यार्थी मिरांडाचे शब्द म्हणून दाखवू शकतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने अटकेची कारणे कळविण्याचा आणि पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा जो मूलभूत हक्क त्याला दिला आहे, तो मात्र त्याला सांगता येईलच असे नाही. नागरिकशास्त्राच्या अध्यापकांनी याचा अनुभव वर्गात घेऊन पाहण्यास हरकत नाही.

अमेरिकेत खात्याने मालिका हाती धरली, त्यामुळे मालिका खात्याची स्तुतिपाठक झाली. पण त्याच कारणाने अटकेची प्रत्यक्ष रीतही तिच्यात उतरली. भारतात असा करार झाला नाही. पोलीस खात्याने संहिता तपासल्या नाहीत हे कलेच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने चांगलेच झाले. पण खात्याने आपली आचारसंहिताही लोकांपुढे आणली नाही. पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने १९६० मध्ये स्वीकारलेली आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने १९८५ मध्ये राज्यांना पाठविलेली पोलिसांची आचारसंहिता किती नागरिकांनी वाचली असेल? महाराष्ट्र पोलिसांचे 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे ब्रीद मात्र सर्वांना ठाऊक आहे. त्यातील खलनिग्रहण मालिकांनी भरपूर दाखविले. खल कोण हे ठरण्यापूर्वी पकडलेला प्रत्येक माणूस कायद्याच्या दृष्टीने सत्-पक्षातच मोडतो, आणि त्याचे रक्षण हेही त्याच ब्रीदातील पहिले कर्तव्य आहे, ही बाजू पडद्यावर आली नाही.

निकालापासून अधिनियमापर्यंत

बसू निकालातील बहुतेक बाबी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००८ च्या दुरुस्तीने कलम ४१ब ते ४१ड मध्ये आल्या व नोव्हेंबर २०१० पासून लागू झाल्या. आता त्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ ते ३८ मध्ये आहेत. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, अधिकाऱ्यांच्या खोल्या अशा सर्व ठिकाणी कॅमेरे बसविण्याचा आणि त्यांतील चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष, जपून ठेवण्याचा आदेश दिला. २०२५ मध्ये न्यायालयाला कोठडीतील मृत्यू आणि बंद कॅमेरे यांच्या बातम्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली, यावरून त्या आदेशाच्या अंमलबजावणीची कल्पना येते.

नव्या संहितेच्या कलम १०५ ने आणखी एक पाऊल टाकले आहे. झडती आणि जप्ती यांचे ध्वनिचित्रमुद्रण करणे, शक्यतो मोबाईल फोनवर, बंधनकारक झाले असून ते विलंब न करता दंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाचे आहे. साक्षीदारांच्या सह्यांसह जप्त वस्तूंची यादी करण्याची क्रियाही त्या चित्रणात आली पाहिजे. दीडशे वर्षे केवळ कागदावर असलेला पंचनामा प्रथमच दृश्य झाला आहे. ही संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २१ डिसेंबर २०२४ रोजी, 'सीआयडी' सोनी वाहिनीवर परतली. प्रद्युम्न, अभिजीत आणि दया तेच होते, आणि दार तोडण्यासाठी दया पुढे झाला की प्रेक्षक पूर्वीप्रमाणेच सावरून बसतात. त्याच्या पाठीमागे मोबाईल उंच धरून उभा राहिलेला एखादा शिपाई आणि शेजारच्या घरातून बोलावून आणलेले दोन पंच आता कायद्यानुसार त्या चौकटीत असावयास हवेत.